पॅडवरच्या रक्तापेक्षा आधी बाईकडे बघ

प्रश्न: नर्सिंगचं शिक्षण संपवून मी नुकतीच प्रसूती विभागात रुजू झाले आहे. पहिल्या तीन महिन्यांत अंगावरून जायला लागलं म्हणून बायका रोज येतात. गर्भपाताचे प्रकार मला तोंडपाठ आहेत, पण बाई समोर आली की आधी काय करायचं ते सुचत नाही. कारणं कशी ओळखायची आणि नर्स म्हणून नेमकं काय बघायचं?

उत्तर: प्रकार तोंडपाठ असूनही हात थबकतात, यात तुझं काही चुकत नाही. पुस्तकात बाई स्वतःच्या निदानासकट येते. वॉर्डात ती फक्त "सिस्टर, डाग दिसला" एवढंच सांगत येते. तो डाग कशाचा, हे कळायला सोनोग्राफी लागते, रक्ताच्या तपासण्या लागतात, कधीकधी एक-दोन आठवडे थांबावं लागतं. निदान होईपर्यंतचा हा सगळा वेळ बाई नर्सच्या नजरेखाली असते. म्हणून मी कारणांपासून सुरुवात करत नाही, नजरेपासून करते.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक रात्र सांगते. तासाभराच्या अंतराने दोघी आल्या. एकीला गाठींसकट भरपूर रक्त जात होतं, ती रडत होती, बरोबरचे नातेवाईक घाबरले होते. आम्ही सगळे तिच्याभोवती. दुसरी बाकावर गप्प बसली होती. तिचा पॅड जवळजवळ कोरडा, तपकिरी डाग तेवढा. तिने मला दोनदा विचारलं, "टॉयलेट कुठे आहे?" आणि जाऊन आल्यावर म्हणाली, "जावंसं वाटतं, पण होत नाही काही." जाता जाता हेही सांगितलं की झोपेत खांदा अवघडलाय. मी तिला थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने ती बाकावरच कलंडली. गर्भ गर्भनलिकेत रुजला होता, ती फुटून सगळं रक्त पोटात साचलं होतं. गाठी जाणारी बाई दुसऱ्या दिवशी चालत घरी गेली. बाकावरची वाचली, पण तिला आठवडाभर आमच्याकडे राहावं लागलं.

ती टॉयलेट विचारत होती, कारण गर्भाशयामागच्या खोलगट जागेत साचलेलं रक्त गुदाशयावर दाबत होतं. खांदा दुखत होता, कारण रक्त श्वासपटलाखाली पोचलं होतं आणि तिथली संवेदना मेंदूला खांद्यात जाणवते. दोन्ही गोष्टी मी शिकले होते. ऐकताना त्या मला लक्षण वाटल्या नाहीत, बारीकसारीक तक्रारी वाटल्या. तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली: बाहेर किती रक्त दिसतंय यावरून धोका मोजायचा नाही.

आता पहिली पाच मिनिटं. बाईला बसवू नकोस, झोपव. तिच्याशी बोलता बोलताच मनगट हातात घे. तळहात गार आणि घामट आहे का, ओठ आणि डोळ्यांच्या आतली कड पांढरी आहे का, प्रश्नाचं उत्तर नीट देते का, हे यंत्र लावण्याआधीच कळतं. मग नाडी, बीपी, श्वास, तापमान, ऑक्सिजन. यात नाडीवर सगळ्यात जास्त लक्ष ठेव. तरुण, निरोगी बाईचं शरीर बीपी फार चिवटपणे टिकवून धरतं. अंगातलं १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा ठीकठाक दिसू शकतो. तो पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. मी एक साधा भागाकार करते: नाडीचा आकडा भागिले बीपीचा वरचा आकडा. उत्तर ०.५ ते ०.७ च्या आसपास असेल तर ठीक. ०.९ च्या वर गेलं की डॉक्टरांना "वेळ मिळाला की या" असं सांगायचं नाही, "आत्ता या" असं सांगायचं. नाडी ११२ आणि बीपी १०४/७० असेल तर दोन्ही आकडे वेगवेगळे बघून कोणी घाबरणार नाही. भागाकार १ च्या वर जातो, तिथे घाबरायचं.

याला एक अपवाद आहे आणि तो फसवतो. कधी बीपी खूप खाली असतं पण नाडी वाढण्याऐवजी मंद असते, ५०-५५. गर्भाचा तुकडा गर्भाशयाच्या तोंडात अडकला की तिथल्या ताणामुळे असं होतं. अशा वेळी सलाईन कितीही चढवलं तरी बाई सावरत नाही. डॉक्टरांनी स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं साधन, घालून तो तुकडा काढला की काही मिनिटांत रंग परततो. तू स्पेक्युलम, स्पंज होल्डिंग फोर्सेप्स आणि चांगला दिवा मागायच्या आधी हजर ठेवलास तर निम्मं काम झालं. पोटात रक्त साचलेल्या काही बायकांतही नाडी वाढत नाही, म्हणून नाडी शांत आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नकोस.

बाई अस्थिर वाटली तर क्रम असा: मदतीला हाक, पाय उंच, ऑक्सिजन, दोन्ही हातांत जाड सुया, १६ किंवा १८ नंबरच्या. सुई घालतानाच रक्त काढून घे: हिमोग्लोबिन, रक्तगट, क्रॉसमॅच, आणि बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणात वाढणारं संप्रेरक. सलाईन सुरू, तोंडाने काही नाही, अंगावर पांघरूण. लघवीची नळी घालावी लागली तर तासाला ३० मिलिलिटरच्या खाली लघवी आली की लगेच कळवायचं. ऑपरेशनची संमती, दागिने काढणं, नातेवाइकांना निरोप, हे सगळं याच वेळी समांतर चालतं. त्यासाठी दुसरा माणूस बोलाव, स्वतः बाईजवळून हलू नकोस.

बाई स्थिर असेल तर शांतपणे विचार. शेवटची पाळी कधी आली हा पहिला प्रश्न, पण उत्तरावर पूर्ण विसंबू नकोस. एक्टोपिकमध्ये, म्हणजे गर्भ गर्भाशयाबाहेर रुजलेला असताना, पाळीच्या तारखेच्या आसपास थोडं रक्त जातं आणि बाई तीच पाळी समजते. "पाळी तर गेल्या आठवड्यातच आली" असं सांगणाऱ्या बाईला विचारायचं, नेहमीसारखी आली का? कमी दिवस, कमी रक्त, काळपट? म्हणूनच पाळी येण्याच्या वयातली कुठलीही बाई पोटदुखी, चक्कर किंवा रक्तस्राव घेऊन आली की लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायची. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असलं तरी, कॉपर टी बसवलेली असली तरी. या दोन्ही उपायांनी दिवस जाण्याची शक्यता अगदी कमी होते, पण गेलेच तर ते नलिकेत राहण्याचं प्रमाण जास्त असतं. शिवाय नलिकेवर आधी शस्त्रक्रिया, ओटीपोटातला जुना जंतुसंसर्ग, आधीची एक्टोपिक, वंध्यत्वाचे उपचार, धूम्रपान, हे विचार. यातलं काहीच नसलं तरी एक्टोपिक होऊ शकते, हेही ध्यानात ठेव.

हे प्रश्न विचारताना नातेवाइकांना बाहेर पाठव, नवऱ्यालाही. आधी गर्भपात झाला होता का, काही औषध घेतलं का, कोणी काही घातलं का, घरी मारहाण होते का, यांची खरी उत्तरं चारचौघांत मिळत नाहीत. ती जे सांगेल त्यावर चेहरा बदलू द्यायचा नाही. लाजेपोटी लपवलेल्या एका गोष्टीने निदान दोन दिवस पुढे गेलेलं मी पाहिलं आहे.

रक्ताचं वर्णन नेमकं लिही. "रक्तस्राव आहे" या नोंदीचा पुढच्या ड्यूटीवरच्या सिस्टरला काही उपयोग नाही. लाल की तपकिरी, पातळ की गाठी, केवढ्या गाठी, तासाला किती पॅड, पॅड पूर्ण भिजलेला की नुसता डागाळलेला, वास आहे का. रक्त जास्त जात असेल तर पॅड वजन करून बघ: भिजलेल्याच्या वजनातून कोऱ्या पॅडचं वजन वजा कर, उरलेला १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर रक्त. अंदाजाने सांगितलेलं रक्त बहुतेकदा खऱ्यापेक्षा कमी असतं. आणि रक्त योनीतूनच येतंय ना, हेही एकदा खात्री करून घे. लघवीतलं किंवा मूळव्याधीचं रक्त "अंगावरून जातंय" म्हणून आलेलं आम्ही कितीदा पाहिलंय.

आता कारणं. दर चार गरोदर बायकांपैकी जवळपास एकीला पहिल्या तीन महिन्यांत कधी ना कधी रक्त दिसतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं बाळंतपण पुढे सुखरूप होतं. हे वाक्य तू दिवसातून दहा वेळा बोलशील, म्हणून आधी सांगितलं.

साधी कारणं झटकन सांगते. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजताना, म्हणजे गर्भधारणेनंतर १० ते १४ दिवसांनी, एखाद-दुसरा डाग दिसू शकतो. गरोदरपणात गर्भाशयाच्या तोंडाला रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे संबंधानंतर किंवा तपासणीनंतर थोडं रक्त येतं. तोंडावरचा पॉलिप, सूज, योनीतला संसर्ग, हे स्पेक्युलमने पाहिल्याशिवाय कळत नाही. क्वचित गर्भाशयमुखाचा कर्करोगही पहिल्यांदा गरोदरपणातच सापडतो, म्हणून गर्भ सोनोग्राफीत ठीक दिसला तरी पुन्हापुन्हा रक्त येणाऱ्या बाईची स्पेक्युलम तपासणी टाळायची नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर गर्भाच्या पिशवीशेजारी रक्त साचल्याचं लिहून येतं, त्यातली लहान साठवण बहुतेकदा आपोआप जिरते.

गर्भपाताचे प्रकार तुला पाठ आहेत, पण ते वेगवेगळे आजार समजू नकोस. एकाच उताराच्या या पायऱ्या आहेत आणि बाई आज एका पायरीवर असेल, संध्याकाळी दुसऱ्या. गर्भाशयाचं तोंड बंद, रक्त थोडं, पोट हलकंसं दुखतंय, सोनोग्राफीत ठोके आहेत: हा नुसता धोका, गर्भ टिकण्याची शक्यता मोठी. तोंड उघडलं, कळा वाढल्या, गाठी जायला लागल्या: आता थांबवता येत नाही. काही भाग बाहेर, काही आत: इथे रक्तस्राव सगळ्यात जास्त होतो, कारण उरलेल्या तुकड्यामुळे गर्भाशय घट्ट आवळू शकत नाही. सगळं पडून गेलं की कळ एकदम थांबते आणि रक्त कमी होतं. मात्र कळ अचानक थांबल्याचा अर्थ दर वेळी हाच असं धरू नकोस. एक्टोपिकमध्येही नलिका फुटल्यावर काही बायकांना क्षणभर बरं वाटतं आणि मग त्या कोसळतात. एक प्रकार गुपचूप होतो. गर्भाची वाढ थांबलेली असते, पण बाईला नुसतं एवढंच जाणवतं की मळमळ गेली, छाती दुखायची थांबली. डाग पडला तर तपकिरी, नाहीतर तोही नाही. तिला हे सोनोग्राफीच्या टेबलावर कळतं, आणि तो धक्का गाठी जाणाऱ्या बाईपेक्षा मोठा असतो, कारण ती ठोके ऐकायला आलेली असते.

ताप, ओटीपोट दाबलं की दुखणं, दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर संसर्ग झालेला गर्भपात धरायचा. इथे वेळ फार मोलाची असते. रक्ताचं कल्चर घेऊन अँटिबायोटिक पहिल्या तासात शिरेतून गेलं पाहिजे, आणि त्यानंतर आतला भाग काढला पाहिजे. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर असला किंवा उलट ३६ च्या खाली गेला, नाडी आणि श्वास वाढले, बाई असंबद्ध बोलायला लागली, तर बीपीची वाट पाहू नकोस. घरी किंवा कुठेतरी लपून काही केलेलं असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचार. चौकशी उपचारापुरती. ती तिथे का गेली हा तुझा प्रश्न नाही.

एक्टोपिक शंभरातल्या एक-दोन गर्भधारणांत होते, आणि त्यातल्या बहुतेक नलिकेतच असतात. पाळी चुकणं, एका बाजूला दुखणं आणि थोडं रक्त, ही तिची पाठ्यपुस्तकातली ओळख. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही. एक्टोपिकची शंका असलेल्या बाईचं पोट सारखं दाबून बघायचं नाही, एनिमा द्यायचा नाही, तिला तपासण्यांसाठी एकटीने चालत पाठवायचं नाही. सोनोग्राफीला नेताना बरोबर तू जा, सुई चालू ठेवूनच.

द्राक्षगर्भ दुर्मिळ, पण विसरू नये असा. वारेच्या ऊती पाण्याच्या बुडबुड्यांसारख्या फुगतात, द्राक्षाच्या घोसासारख्या दिसतात. ओकाऱ्या प्रमाणाबाहेर, गर्भाशय महिन्यांच्या मानाने मोठं, एचसीजी खूप वाढलेलं, आणि २० आठवड्यांच्या आतच बीपी वाढलेलं दिसलं तर हे मनात यावं. पॅडवर पारदर्शक बुडबुडे दिसले तर पॅड टाकू नकोस, डॉक्टरांना दाखव. गर्भाशय रिकामं करताना रक्तस्राव जोरात होऊ शकतो, म्हणून रक्ताची सोय आधी. पण या बाईची खरी काळजी घरी गेल्यावर सुरू होते. एचसीजी सामान्य होईपर्यंत दर आठवड्याला आणि नंतर काही महिने ठरावीक अंतराने तपासायचं असतं, आणि तोपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नसतात, नाहीतर वाढलेलं एचसीजी नव्या गरोदरपणाचं की आजाराचं हे कळत नाही. काही जणींमध्ये उरलेल्या पेशी वाढत राहतात आणि औषधोपचार लागतो. वेळेत सापडलं तर तो फार चांगला लागू पडतो. बायका या तपासण्या मध्येच सोडतात, कारण "आता बरं वाटतंय". कारण समजावून सांगितलेलं असलं तर सोडत नाहीत, हा माझा अनुभव.

तपासण्यांचं गणित तुला यायला हवं, नाहीतर बाईला "थांबा" एवढंच सांगत बसशील. योनीमार्गे सोनोग्राफीत साधारण पाचव्या आठवड्यात गर्भाची पिशवी आणि सहाव्याच्या आसपास ठोके दिसायला लागतात. म्हणून साडेपाच आठवड्यांना ठोके न दिसणं ही वाईट बातमी नसते, लवकर केलेली सोनोग्राफी असते. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर असून आत गर्भ नाही, तेव्हाच वाढ थांबल्याचं म्हणता येतं. माप त्याहून कमी असेल तर किमान ७ दिवसांनी पुन्हा बघायचं. टेस्ट पॉझिटिव्ह आहे पण गर्भ कुठेच दिसत नाही, अशा वेळी ४८ तासांच्या अंतराने दोनदा एचसीजी करतात. बाईला सांग: "एका आकड्यावरून काही कळत नाही, तो कुठल्या दिशेला चाललाय हे बघायचंय." आणि हेही सांग की या दोन दिवसांत पोटात जोरात दुखलं, चक्कर आली, खांदा दुखला तर तारखेची वाट न बघता यायचं.

उपचार डॉक्टर ठरवतात, पण निभावून नेणं आपल्याकडे असतं. गर्भ टिकलेला असेल तर पूर्ण विश्रांतीचा सल्ला अजूनही दिला जातो. मीसुद्धा कितीतरी बायकांच्या खाटांचे पाय विटा लावून उंच केले आहेत. पडून राहिल्याने गर्भपात थांबतो असा पुरावा नाही. उलट पायातल्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. दमेल असं काम नको, बाकी हिंडती-फिरती राहू दे. रक्त थांबेपर्यंत संबंध टाळायला आम्ही सांगतो, पण तो सल्ला देताना "संबंधामुळे झालं" असा अर्थ जाऊ नये याची काळजी घे. प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गरोदरपण टिकवणारं संप्रेरक, याबद्दल बायका हमखास विचारतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या प्रिझम या चाचणीत ४ हजारांहून जास्त बायका होत्या. सगळ्या मिळून बघितलं तर फरक ठोस नव्हता, पण ज्यांचे आधी गर्भपात झाले होते त्यांना फायदा दिसला, तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांना सर्वात जास्त. म्हणून ते सरसकट सगळ्यांसाठी नाही. डॉक्टरांनी योनीत ठेवायला दिलं असेल तर हात धुऊन, झोपून कसं ठेवायचं हे पडद्याआड नीट समजाव. अर्ध्या बायका न विचारताच गिळून टाकतात.

गर्भ गेलेला असेल आणि बाई स्थिर असेल तर तीन वाटा असतात: आपोआप पडण्याची वाट बघणं, गोळ्या, किंवा सक्शनने गर्भाशय रिकामं करणं. शक्य तिथे निवड तिची असू दे. गोळ्या दिल्या तर थंडी, ताप, जुलाब, जोरात कळा हे त्यातल्या मिसोप्रोस्टॉल या औषधामुळे होतं, हे आधीच सांगून ठेव; वेदनाशामक कळ यायच्या आधी दे. पडलेला भाग डॉक्टरांना दाखवायचा, तपासणीला पाठवायचा तर त्याच्या गुणसूत्रांसाठी सलाईनमध्ये आणि ऊतीच्या तपासणीसाठी फॉर्मलिनमध्ये. चुकून फॉर्मलिनमध्ये गेला तर गुणसूत्रांची तपासणी होत नाही आणि तो पुन्हा मिळत नाही. टॉयलेटला जाताना भांडं देऊन पाठव, म्हणजे तिला एकटीने तिथे काही बघावं लागणार नाही.

एक्टोपिकवर मेथोट्रेक्सेट, म्हणजे गर्भाच्या पेशींची वाढ थांबवणारं औषध, दिलं तर ते हाताळताना हातमोजे घाल, आणि गरोदर सहकारी त्या कामाला नको. बाईची फॉलिक ॲसिडची गोळी बंद झालीय ना, बघ. ती औषधाच्या विरुद्ध काम करते आणि सवयीने चालूच राहते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि दारू नको, कडक ऊन टाळायचं, निदान ३ महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. चौथ्या आणि सातव्या दिवसाच्या एचसीजीमध्ये १५ टक्के घट दिसायला हवी. याच दिवसांत पोट दुखतं, आणि ते औषधामुळे की नलिका फुटल्यामुळे हे फोनवर ठरवता येत नाही. "दुखतंय" म्हणाली की बोलाव.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीची गोष्ट काढ, म्हणजे आईच्या शरीरात गर्भाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ न देणाऱ्या इंजेक्शनची. ते ७२ तासांच्या आत दिलं जातं. १२ आठवड्यांच्या आतल्या साध्या रक्तस्रावाला द्यावं की नाही यावर वेगवेगळ्या मार्गदर्शक सूचना एकमत नाहीत. एक्टोपिक, द्राक्षगर्भ किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा बऱ्याच ठिकाणी देतात. तू तुझ्या विभागाचा नियम वाच, पण रक्तगट केसपेपरवर आहे का हे प्रत्येक बाईच्या बाबतीत बघ. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घरी पाठवलेल्या बाईचा गट तिसऱ्या दिवशी सापडतो, अशी वेळ येऊ देऊ नकोस.

बोलण्याबद्दल थोडं. आपण केसपेपरवर अबॉर्शन लिहितो आणि आपापसांत तेच म्हणतो. बाईला त्या शब्दात "मी पाडलं" असं ऐकू येतं. एकीने मला रडत विचारलं होतं, "मी काही केलं नाही, मग असं का लिहिलंय?" तेव्हापासून मी बाईजवळ "गर्भ टिकला नाही" असं म्हणते. "टिकेल का हो?" याला खोटा दिलासा देऊ नकोस. "आत्ता ठोके दिसतायत, ही चांगली गोष्ट आहे. पुढचं आज कोणालाच सांगता येणार नाही, पण काही झालं तर आम्ही आहोत" एवढं पुरतं. "लवकर गेलं ते बरं", "अजून वय आहे", "एक आहे ना घरी", यातलं काही बोलू नकोस. तिला दुसरं मूल नको असतं, हेच हवं असतं.

ती स्वतःला दोष देणार. जिना चढले, प्रवास केला, जड उचललं, भांडण झालं. तिला सांग की पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये गुणसूत्रांची गडबड सुरुवातीपासूनच असते. हे तिला एकटीला सांगून भागत नाही. सासू, नवरा, जो कोणी आला असेल त्यांनाही ऐकव, तिच्या परवानगीने. घरी गेल्यावर तिला बोल लावणारे तेच असतात. आणि जमेल तोवर तिला बाळंतिणींच्या खोलीत खाट देऊ नकोस. खाट नसेल तर निदान दाराजवळची दे आणि मधे पडदा लाव.

घरी पाठवताना कागदावर लिहून दे, कारण त्या दिवशी तिच्या डोक्यात काही शिरत नाही. तासाला दोन पॅड भिजून असं सलग दोन तास चाललं, लिंबाएवढ्या किंवा मोठ्या गाठी गेल्या, ताप, दुर्गंध, वाढतं दुखणं, चक्कर, खांदादुखी: यातलं काहीही झालं तर रात्री-अपरात्री यायचं. रक्त एक-दोन आठवडे कमी होत होत थांबतं. रक्त थांबेपर्यंत आत काही घालायचं नाही, संबंध नाही. पाळी ४ ते ६ आठवड्यांत येते, पण बीज त्याआधी, दोन आठवड्यांतही तयार होऊ शकतं, म्हणून लगेच दिवस नको असतील तर गर्भनिरोधकाचं आजच ठरवायचं. गोळ्या घेतलेल्या किंवा वाट बघितलेल्या बाईने तीन आठवड्यांनी लघवीची टेस्ट करायची. ती तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर आत काही उरलंय का, किंवा आपल्या नजरेतून काही सुटलंय का, हे बघायला परत यायचं. वॉर्डाचा फोन नंबर त्याच कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिही, आणि ती निघताना तुझ्यासमोर तिच्याकडून तो मोबाइलमध्ये सेव्ह करून घे.